बारापेडे गुहेतल्या वटवाघळांसाठी शाळेनं काय करावं?

प्रश्न कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेच्या विज्ञान शिक्षकांचा आहे. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहेत जगातलं एक दुर्मीळ वटवाघूळ राहतं, असं त्यांनी वाचलं. नववीच्या मुलांना डिसेंबरच्या सहलीत ते दाखवावं, असा त्यांचा विचार आहे. गावातलं तरुण मंडळ वर्गणी काढून गुहेच्या तोंडाला लोखंडी जाळी बसवायला तयार आहे. पालकांना मात्र वटवाघळांपासून माणसाला होऊ शकणाऱ्या निपाह या विषाणूच्या आजाराची धास्ती वाटते, आणि देवळाच्या माळ्यावरच्या पाकोळ्याही, म्हणजे छोटी वटवाघळंही, धूर करून हाकलावीत, असं काही जण म्हणतात. यातलं काय करावं आणि काय टाळावं, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, गुहेची सहल नको, जाळी नको, आणि देवळात धूर तर अजिबात नको. तिन्हींना नाही म्हणतोय, पण तुमच्या मुलांसाठी काम आहे, आणि ते गुहेत शिरण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. ते नीट पटावं म्हणून आधी या प्राण्याची ओळख करून देतो.

रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ, शास्त्रीय नाव ओटोमॉप्स रॉटनी. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात देशभरातल्या सस्तन प्राण्यांची पाहणी सुरू केली. तेव्हा एस. एच. प्रेटर यांना तळेवाडीजवळच्या या गुहेत हे वटवाघूळ मिळालं. आपला जिल्हा त्या वेळी मुंबई इलाख्यात होता. १९१३ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमस यांनी लंडनमध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं आणि या पाहणीची कल्पना मांडणारे वनाधिकारी आर. सी. रॉटन यांचं नाव त्याला दिलं. पुढं जवळजवळ नव्वद वर्षं ही जात जगात दुसरीकडं कुठंच सापडली नाही. संशोधकांच्या दोन-तीन पिढ्यांसाठी एका अख्ख्या जातीचा पत्ता म्हणजे खानापूर तालुक्यातली एक गुहा होती.

परवान्यानिशी अभ्यास करताना हे वटवाघूळ हातात घेतलं की नजर पहिल्यांदा कानांवर जाते. दोन्ही कान मोठे, कपाळावर एकमेकांना जोडलेले, आणि टोपीच्या झापडीसारखे नाकाच्या शेंड्याकडं पुढं आलेले. कानाची पुढची कड बोटानं चाचपली तर बारीक काट्यांची ओळ लागते. पाठ गडद तपकिरी, मानेवर आणि खांद्यांवर फिकट राखाडी पट्टा. शेपटीचा बराच भाग पडद्याबाहेर सुटा असतो, म्हणून मुक्तपुच्छ. पण मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात ते पंख. लांब आणि अरुंद. हे पंख उंच मोकळ्या आकाशात वेगानं उडण्यासाठी आहेत. झाडांच्या फांद्यांतून वळणं घेत फिरणं किंवा जागच्या जागी घिरट्या घालणं त्यांना जमत नाही. पुढं जाळीबद्दल सांगेन तेव्हा हे पंख लक्षात ठेवा.

वर्तमानपत्रांत अजूनही "जगात फक्त इथंच" असं छापून येतं. मुलांना तसं सांगू नका. २००० च्या सुमारास कंबोडियात आणि आपल्या मेघालयात ही जात सापडली, आणि मेघालयातल्या आणखी काही गुहांतही तिच्या वसाहती मिळाल्या. आंतरराष्ट्रीय लाल यादीत ती पूर्वी 'अतिसंकटग्रस्त' गटात होती, २००८ पासून 'माहिती अपुरी' या गटात आहे. हा बदल वाचून काही जण म्हणतात, म्हणजे धोका टळला. तसं मुळीच नाही. माहिती अपुरी म्हणजे धोका किती हे ठरवण्याइतकंही आपण तिला ओळखत नाही. मेघालय आणि बेळगाव यांच्यामध्ये दोन हजार किलोमीटरचा मुलूख पडलेला आहे. पश्चिम घाटात पिलं वाढवणारी हिची ज्ञात वसाहत बारापेडेचीच, आणि तिच्यातली वटवाघळं काही डझनांत मोजावी इतकीच. भारताच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तिला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या रांगेत बसवलं आहे. हा मान फार थोड्या वटवाघळांना मिळाला. फळं खाणारी वटवाघळं तर याच कायद्यात २०२२ च्या दुरुस्तीपर्यंत उपद्रवी प्राण्यांच्या यादीत होती.

आता सहलीचं बोलू. बारापेडेच्या माद्या डिसेंबरच्या सुमारास वितात, आणि प्रत्येकीला वर्षाला एकच पिल्लू होतं. आपल्या भागातल्या शाळांच्या सहली नेमक्या त्याच दिवसांत निघतात. पाऊस संपलेला असतो, वाटा कोरड्या झालेल्या असतात, हवा गार असते. तुमच्या सोयीचा महिना हा त्यांच्यासाठी वर्षातला सगळ्यात नाजूक महिना असतो. चाळीस मुलं बॅटऱ्या घेऊन आत गेली तर काय होईल? छतातल्या खोबणींत दाटीनं बसलेल्या माद्या बिथरतील आणि दिवसाउजेडी उडतील. अंगाला चिकटलेली पिलं निसटून खाली पडतील. खाली पडलेलं पिल्लू बहुतेक वेळा वाचत नाही, कारण जमिनीवर मुंग्या, किडे, उंदीर, साप त्याची वाट बघत असतात. जी माद्या-पिलं टिकतील त्यांचीही त्या दिवसाची विश्रांती गेली. दूध पाजणाऱ्या मादीला रात्रभर शिकार करून दिवसा ती ऊर्जा राखायची असते, प्रत्येक अकारण उड्डाण त्यातूनच खर्ची पडतं. उंदराच्या कुळात वर्षाला चार-चार विती होतात, तिथं नुकसान भरून निघतं. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या जातीत एका मोसमाची तूट भरायला कित्येक वर्षं जातात. काही डझनांच्या वसाहतीला अशा दोन-तीन तुटी सोसणं कठीण.

एरवीच्या महिन्यांतही मी तिथं मुलांना नेणार नाही. अभयारण्यात शिरायला आणि अभ्यासाला वन खात्याची लेखी परवानगी लागते, ती वेगळी गोष्ट. पण परवानगी मिळाली तरी मोठ्या गटानं आत जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. गुहेच्या आत हवेचं तापमान आणि दमटपणा वर्षभर फारसा हलत नाही, आणि वटवाघळं तिथं त्यासाठीच राहतात. माणसांचा श्वास, अंगाची ऊब, बॅटऱ्या, गोंगाट यांनी ते बिघडतं. शिवाय जुन्या लेंडीच्या थरात हिस्टोप्लाझ्मा नावाची बुरशी असू शकते. धूळ उडाली की ती फुफ्फुसात जाते. लहान मुलांना त्या धुळीत उभं करण्याचं काहीच कारण नाही.

तरुण मंडळाची जाळीची कल्पना चांगल्या मनातून आली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ गुहांना आडव्या गजांची फाटकं बसवली आहेत आणि तिथल्या काही जातींना त्याचा फायदाही झाला. त्या जाती हळू उडणाऱ्या, गजांमधून अंग तिरपं करून निघणाऱ्या. मुक्तपुच्छ वटवाघळांचं तंत्र वेगळं. ती उंचावरून खाली झेप घेतात, त्या झेपेत वेग धरतात आणि मग उडतात. समोर गज आले की वेग मोडतो. अरुंद पंखाला तिथं वळायला जागा मिळत नाही. ती गजांवर आपटतात किंवा आतच घुटमळत राहतात, आणि तोंडापाशी रेंगाळणारी वटवाघळं घुबडाला आणि सापाला आयतीच सापडतात. अमेरिकेतल्या मेक्सिकन मुक्तपुच्छ जातीच्या मोठ्या गुहांना याच कारणानं तोंडावर फाटक लावत नाहीत. कुंपण घालायचं झालं तर तोंडापासून दूर, उड्डाणाची वाट पूर्ण मोकळी ठेवून घालतात. वेल्डिंगची बारीक जाळी तर आणखी वाईट. आपल्याकडं एका पावसाळ्यात तिच्यावर पाचोळा आणि वेली साचतात आणि गुहेचं हवेचं येणंजाणंच बदलतं. वसाहत एका हंगामात जागा सोडून जाऊ शकते. नंतर जाळी काढली म्हणून ती परत येईलच असं नाही.

मंडळाची वर्गणी तयार असेल तर ती दुसऱ्या कामाला लावा. गुहेला खरा धोका आत शिरणाऱ्या माणसांचा आहे: गुप्तधनाच्या नादी लागलेले, फटाके फोडून वटवाघळं उडवणारे, लेंडीखत काढणारे, आणि आता व्हिडिओसाठी आत जाणारे. यांना थांबवायला गजांपेक्षा डोळे लागतात. पिढ्यान्पिढ्या हे डोळे तळेवाडीसारख्या गावांचे होते. गुरं चारणाऱ्याला अनोळखी माणूस कुठल्या वाटेनं वर गेला हे कळायचं. आता अभयारण्यातल्या गावांचं पुनर्वसन सुरू झालं आहे. ते त्या कुटुंबांच्या मर्जीनं आणि पूर्ण भरपाईनं व्हावं, एवढं म्हणून मी पुढं जातो. पण गाव उठलं की गुहेची राखण करणारी नजरही उठते, हे वन खात्यानं ध्यानात घ्यायला हवं. त्या गावांतल्या जाणत्या माणसांना हंगामी पहारेकरी म्हणून, किमान नोव्हेंबर ते फेब्रुवारी, पगारी काम द्यावं असा अर्ज तुमचं मंडळ आणि ग्रामपंचायत मिळून करू शकते. तो लोखंडापेक्षा उपयोगाला येईल.

गुहेभोवतालचं राखायचं तर कोलारचं उदाहरण समोर ठेवा. आपल्याच राज्यात हनुमनहळ्ळीच्या टेकडीत कोलारचं पर्णनासिक वटवाघूळ राहतं, ते खरोखर एका गुहेपुरतं उरलं आहे आणि लाल यादीत अतिसंकटग्रस्त आहे. तिथं खरा शत्रू ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. गुहेचं तोंड जसंच्या तसं राहिलं असतं आणि आजूबाजूला सुरुंग उडत राहिले असते, तर काय उपयोग होता? आसपासच्या टेकडीलाच संरक्षण द्यावं लागलं. बारापेडेचं नशीब त्या मानानं बरं. २०११ च्या डिसेंबरात भीमगडला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि सुमारे १९० चौरस किलोमीटर जंगल संरक्षणाखाली आलं. पण वटवाघूळ अभयारण्याची हद्द बघून उडत नाही.

आणि इथंच तुमच्या मुलांचं काम सुरू होतं.

गुहेबद्दल आपल्याला थोडंफार कळलं आहे. रात्री ही वटवाघळं कुठं जातात, कुठल्या गावावरून, कुठल्या माळावर शिकार करतात, हे कळायचं बाकी आहे. ती कणकुंबीच्या बाजूला जातात की जांबोटीच्या, भातखाचरांवर फिरतात की नुसत्या जंगलावर, लोंढ्याच्या दिव्यांपर्यंत येतात का? आफ्रिकेतल्या हिच्या भाईबंद जातीच्या आहारात पतंगांचा मोठा वाटा आहे आणि तीही उंचावरूनच शिकार करते. आपलीही तसंच काहीतरी करत असणार. ते शोधण्याचा एक मार्ग असा आहे की त्यासाठी गुहेच्या वाटेलाही जावं लागत नाही.

कीटकखाऊ वटवाघळं अंधारात आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून शिकार शोधतात. बहुतेकांचा हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. गुहांत राहणाऱ्या नालनासिक जाती ऐंशी किलोहर्ट्झच्या आसपास बोलतात, काही जाती शंभराच्याही वर. रॉटनचं वटवाघूळ मात्र पंधरा किलोहर्ट्झच्या सुमाराला बोलतं, कारण उंच मोकळ्या आकाशात लांबवरचा कीटक टिपायला खालच्या पट्टीचा आवाज लागतो, तो दूरवर जातो. माणसाचा कान लहानपणी वीस किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, वयानुसार ही मर्यादा खाली येते. म्हणजे शांत रात्री, डोक्यावरून ते गेलं, तर तुमच्या नववीच्या मुलांना बारीक, कोरडी टिक्... टिक्... ऐकू येऊ शकते, आणि शेजारी उभ्या तुम्हाला-मला काहीच येणार नाही. या जातीचा अभ्यास मुलांनी करावा असं मी म्हणतो, त्याचं हे एक अगदी शब्दशः कारण आहे.

साध्या मोबाईलवरही ही नोंद होऊ शकते. ध्वनिमुद्रणाचं असं अॅप घ्या ज्यात वेव्ह फाईल आणि ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग निवडता येतं. त्यात बावीस किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज मावतो. एमपी३ ठेवू नका, ते वरच्या पट्टीतला आवाज जागा वाचवायला कापून टाकतं आणि नेमकं आपल्याला हवं तेच जातं. आवाज सुधारण्याची, गोंगाट कमी करण्याची सोय बंद करा. शाळेला थोडा खर्च परवडत असेल तर ऑडिओमॉथ नावाचं छोटं यंत्र मिळतं, ते सगळ्याच वटवाघळांचे आवाज पकडतं. मुद्रण झालं की संगणकावर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत उघडा आणि स्पेक्ट्रोग्रॅमचं, म्हणजे आवाजाची पट्टी चित्रात दाखवणारं, दृश्य निवडा. रातकिड्यांचे आवाज ठराविक उंचीवर सलग पट्ट्यासारखे किंवा एकसुरी ठोक्यांसारखे दिसतात. वटवाघळाच्या खुणा आखूड आणि उतरत्या असतात, मधे अंतर असतं, सेकंदाला दोन-चार. कीटक सापडला की त्याच खुणा एकदम दाट होत जातात. ही दाटी दिसली की समजा शिकार झाली किंवा हुकली. दुसऱ्या मुक्तपुच्छ जातीही खालच्या पट्टीत बोलतात, तेव्हा पंधराच्या आसपास खुणा दिसल्या म्हणून लगेच बातमी देऊ नका. फाईल वटवाघळांच्या आवाजाच्या अभ्यासकाला दाखवा.

दिवेलागणीनंतरचा पहिला तास घ्या. प्रत्येक मुलानं आपल्याच अंगणातून किंवा खळ्यातून, घरच्या मोठ्या माणसाला बरोबर घेऊन, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं. वहीत तारीख, वेळ, गाव, ढग की चांदणं, जवळ रस्त्याचा दिवा आहे की अंधार, एवढं लिहायचं. काहीच मिळालं नाही तरी ती नोंद ठेवायचीच. कुठं नाहीत हे कळणंही तितकंच कामाचं. तुमच्या शाळेत दहा-बारा गावांची मुलं येत असतील. त्या सगळ्या गावांचं आकाश एका वर्षात ऐकून होईल, आणि असं काम कुठल्याही संशोधन संस्थेला एकट्यानं जमणार नाही. या नोंदींचा पुढं प्रत्यक्ष उपयोग आहे. उंच उडणारी, अरुंद पंखांची वटवाघळं जगभर पवनचक्क्यांच्या पात्यांना बळी पडतात. जिल्ह्याच्या पूर्वेला सौंदत्तीकडं पवनचक्क्या आहेतच. उद्या घाटमाथ्याच्या कडेला कुणी त्या उभारायला आलं तर तिथून ही वटवाघळं जातात की नाही, हे सांगायला हातात नोंदी हव्यात.

एखाद्या मुलाला चुकून नवीन गुहा किंवा कपार सापडली, जिथं वटवाघळं दाटीनं राहतात, तर जागेचा नकाशा व्हॉट्सअॅपवर टाकू देऊ नका. वन खात्याच्या स्थानिक अधिकाऱ्याला कळवा, तेवढं पुरे.

निपाहबद्दल पालकांना सरळ सांगा. या विषाणूचा मुख्य नैसर्गिक यजमान मोठं फळखाऊ वटवाघूळ आहे, जे वडा-चिंचेच्या झाडांवर उलटं लटकलेलं दिसतं. केरळात २०१८ ची साथ त्याच्याशीच जोडली गेली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनं महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० मध्ये घेतलेल्या काही वटवाघळांच्या नमुन्यांत निपाहच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं होतं. त्यातली बहुतेक गुहेत राहणाऱ्या एका फळखाऊ जातीची होती, थोड्या खुणा एका छोट्या कीटकखाऊ जातीतही मिळाल्या. रॉटनचं वटवाघूळ फळांना तोंड लावत नाही, कीटक खातं. तरीही माझा सल्ला सगळ्या वटवाघळांना सारखाच: हात लावायचा नाही, उष्टी पडलेली फळं खायची नाहीत, बाकीची धुऊन, सोलून खायची. रात्री अंगणात उभं राहून आकाश ऐकण्यात यातला कुठलाच धोका नाही. उलट दिवसा जंगलात हिंडण्यात गोचिडीचा धोका जास्त. शेजारच्या सत्तरीत आणि दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत, ते गोचिडीमुळंच.

देवळाच्या माळ्यावर आधी लेंड्या बघा. कागदात घेऊन चुरा. वटवाघळाची लेंडी सहज भुगा होते आणि तिच्यात कीटकांच्या पंखांचे, टरफलांचे चकचकीत कण दिसतात. उंदराची लेंडी कडक राहते. कण दिसले तर ती कीटकखाऊ जात आहे आणि देवळाभोवतीच्या भातावर, भाजीवर येणारे किडे रोज रात्री खात आहे. एवढं गावकऱ्यांना दाखवलं की निम्मा विरोध मावळतो, हे मी बऱ्याच गावांत बघितलं आहे. लेंडी पाणी शिंपडून, तोंडाला मास्क लावून गोळा करा, कुजवून परसात घाला, उत्तम खत होतं. मूर्तीवर किंवा सभामंडपात पडत असेल तर माळ्याखाली ताडपत्री ताणून घ्या. फारच अडचण असेल आणि फट बुजवायचीच असेल तर पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमाराला, संध्याकाळी सगळी बाहेर गेल्यावर बुजवा, आणि त्याआधी काही रात्री वरून सैल कापड सोडून ठेवा, म्हणजे बाहेर पडता येतं पण आत शिरता येत नाही. उन्हाळ्यात हे करू नका. देवळांत राहणाऱ्या पुष्कळ जातींची पिलं तेव्हा आत असतात. आई बाहेर अडकली की पिलं आतच मरतात, आणि मग जो वास सुटतो तो महिनाभर जात नाही. धुरानंही हेच होतं.

शाळेत एखादं वटवाघूळ जमिनीवर पडलेलं सापडलं तर मुलांना मागं घ्या. जाड टॉवेल टाकून, हातमोजे घालून उचला, भोकं पाडलेल्या खोक्यात ठेवा आणि अंधार पडल्यावर खोका उंच भिंतीला किंवा झाडाच्या खरखरीत खोडाला टेकवून उघडा. मुक्तपुच्छ जातीला सपाट जमिनीवरून उडणं जड जातं, चढून झेप घ्यायला उंची हवी असते. उघड्या हातानं कुणी उचललंच आणि चावा किंवा ओरखडा बसला, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारा. दात इतके बारीक असतात की खूण दिसेलच असं नाही, म्हणून मूल "काही झालं नाही" म्हणालं तरी दवाखान्यात न्याच.